पायवाट, चाक आणि पाणी

गारगोटीच्या आसपासच्या कोणत्याही शाळेत मुलांना विचारावे, की जून महिन्यात तुमची शाळेची वाट कशी असते? बहुतेक मुले एकाच शब्दात उत्तर देतील : ओढा. उत्तर गमतीचे वाटले तरी ते शास्त्रीयदृष्ट्या अचूक आहे. भुदरगड तालुक्यातील पाणंदी, गुरांच्या वाटा, डोंगराच्या कडेने धनगरवाड्यांकडे जाणाऱ्या पायवाटा पावसाळ्याच्या पहिल्या पंधरवड्यात खरोखरच ओढे होतात, आणि ओढा जे काम करतो तेच काम त्याही करतात. म्हणजे माती खरवडतात आणि खाली वेदगंगेकडे पाठवतात.

या वाटांवर अलीकडे एक नवा वाटसरू दिसू लागला आहे. तो म्हणजे जाड टायरची, गिअरची डोंगरी सायकल. रविवारी सकाळी कोल्हापूरकडून येणाऱ्या सायकलस्वारांना भुदरगडाचा चढ आवडतो, आणि पाटगावावरून पुढे रांगण्याच्या दिशेने जाणारी मातीची वाट त्याहून आवडते. पुण्यात वेताळ टेकडीवर, ठाण्यात येऊरला हेच चित्र थोड्या मोठ्या प्रमाणावर आहे. आणि जिथे सायकल आली तिथे तक्रारही आली आहे. चालणारे म्हणतात, सायकलींनी वाटा फोडल्या. सायकलवाले म्हणतात, वाटा आधीच फुटलेल्या होत्या. दोघांच्या भांडणात एखाद्या दिवशी वाटच बंद होते. म्हणून वाट नेमकी कशाने फुटते, आणि ती टिकावी म्हणून हौशी माणसांना, विशेषतः विद्यार्थ्यांना, काय करता येईल हे आपण जरा मुळापासून पाहू.

गवताळ उतारावर पडलेला पाऊस लगेच वाहू लागत नाही. पानांवर थेंबाचा जोर मोडतो, मुळांनी पोकळ केलेल्या मातीत पाणी मुरते, आणि उरलेले पाणी काड्यांना अडखळत सावकाश सरकते. पायवाटेवर यातले काहीच नसते. पायाखाली माती दाबली जाऊन तिच्यातली पोकळी नाहीशी झालेली असते, त्यामुळे पाणी मुरत नाही. शिवाय रोजच्या वर्दळीने वाट आजूबाजूच्या जमिनीपेक्षा बोटभर खाली गेलेली असते. त्या बोटभर खोलीमुळे दोन्ही बाजूंचे पाणी वाटेत उतरते आणि वाटेतले बाहेर पडत नाही. वाट थेट उताराच्या दिशेने गेलेली असेल तर पाण्याला आयताच पाट मिळतो.

या पाण्याचा जोर किती? अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांना हे गणित सहज जमेल. वाहत्या पाण्याच्या थराची जाडी, उतार, पाण्याची घनता आणि गुरुत्वीय त्वरण यांचा गुणाकार केला की तळाच्या प्रत्येक चौरस मीटरवर पाणी किती बलाने ओढते ते कळते. दहा टक्के उताराच्या वाटेवर, म्हणजे दहा मीटर चालल्यावर एक मीटर चढणाऱ्या वाटेवर, दोन सेंटिमीटर जाडीचा थर वाहत असेल तर हे बल सुमारे २० न्यूटन येते. मध्यम वाळूचा कण हलवायला अर्धा न्यूटनही पुष्कळ होतो. २० न्यूटनमध्ये एक-दोन सेंटिमीटरचे सुटे खडे चालू लागतात. उतार दुप्पट केला तर बलही दुप्पट, आणि वाट खोल होऊन थर जाड झाला तर ते आणखी वाढते. याचाच अर्थ, वाट जितकी फुटते तितकी ती अधिक वेगाने फुटू लागते.

दुसरा एक जुना नियम शिक्षकांनी फळ्यावर जरूर मांडावा. पाण्याचा धक्का वेगाच्या वर्गाच्या आणि दगडाच्या दर्शनी क्षेत्रफळाच्या प्रमाणात असतो. दगडाचे वजन त्याच्या लांबीच्या घनाच्या प्रमाणात असते. दोन्ही समान धरली, की हलू शकणाऱ्या दगडाची लांबी वेगाच्या वर्गाच्या आणि वजन वेगाच्या सहाव्या घाताच्या प्रमाणात येते. पाण्याचा वेग दुप्पट झाला तर चौसष्टपट वजनाचा दगड हलेल! प्रत्यक्षात दगड एकमेकांत अडकलेले असतात, म्हणून हा हिशेब जसाच्या तसा लागू पडत नाही. पण एका वळवात वाटेवरचे गोटे पार खालच्या वळणावर का जाऊन पडतात, ते मुलांना यावरून उमगते.

पाय, टाप आणि चाक

आता सायकलीकडे वळू. टायर जमिनीवर जो दाब देतो तो जवळजवळ टायरमधल्या हवेच्या दाबाइतका असतो. उभ्या माणसाच्या तळव्याचा दाब त्याहून बराच कमी भरतो. एवढ्यावरून चाक अधिक दोषी असा निकाल काढता येईल, पण तो घाईचा ठरेल. चालताना आपण टाच आपटतो आणि चवड्याने माती मागे रेटतो. उतरताना तर प्रत्येक पावलाला थोडे घसरतोच. फिरणारे चाक मातीवरून लोळत जाते, खरवडत नाही. १९९४ साली अमेरिकेतील मोंटाना राज्यात विल्सन आणि सेनी या संशोधकांनी डोंगरवाटांवर चालणारे, घोडे, मोटारसायकली आणि सायकली यांची तुलना केली. घोड्यांच्या टापा आणि माणसांचे पाय यांनी चाकांपेक्षा जास्त माती सुटी केली, आणि हा फरक आधी भिजवलेल्या वाटेवर अधिक ठळक होता. २००१ मध्ये कॅनडातील थर्स्टन आणि रीडर यांनी जंगलातल्या जमिनीवर पाचशे फेऱ्यांपर्यंत चालवून आणि सायकली फिरवून पाहिले. झाडोऱ्याच्या आणि मातीच्या हानीत त्यांना दोहोंत विशेष फरक आढळला नाही.

हे प्रयोग सायकलवाल्यांना फार आवडतात. आम्हांला मात्र त्यांवर विसंबून निवांत व्हावेसे वाटत नाही. तिथली माती आमच्या तांबड्या मातीसारखी नाही आणि तिथला पाऊस सह्याद्रीचा नाही. शिवाय चाकाची एक खोड अशी आहे, जी पायाला नाही. पाऊल उमटते ते सुटे सुटे. त्या खळग्यात पाणी साचते आणि तिथेच थांबते. चाकाची चाकोरी मात्र अखंड असते. ओल्या मातीत एक सायकल सरळ उतरली, की पाण्याला सलग नाली आखून मिळते. त्यातच स्वाराने मागचा ब्रेक करकचून दाबला तर लोळणारे चाक खरवडणारे होते, आणि मग वरचा सगळा हिशेब उलटतो. तेव्हा प्रश्न सायकलीचा कमी आणि ओल्या दिवसांचा व उभ्या उताराचा अधिक आहे. माथेरानला स्वयंचलित वाहनांना बंदी असूनही तिथल्या जांभ्याच्या लाल वाटा घोड्यांच्या टापांनी आणि पावसाने झिजत आल्या. त्यांवर फरशा बसवाव्यात की नाही हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. वाहन बंद केले म्हणजे वाट वाचली असे होत नाही.

वाट आखायची कशी?

वाट टिकवायची तर पाणी तिच्यावरून आडवे जाऊ द्यावे, लांबीने वाहू देऊ नये. डोंगराच्या कडेने वाट काढताना तिचा पृष्ठभाग दरीकडे किंचित कलता ठेवतात, तो यासाठीच. वाटेचा लांबीकडचा चढ आणि हा आडवा कल यांच्या गुणोत्तरावरून पाणी किती अंतर वाटेवर राहील ते काढता येते. समजा वाट एक मीटर रुंद आहे, आडवा कल पाच टक्के आणि चढ दहा टक्के आहे. पाणी एक मीटर आडवे जाईपर्यंत दोन मीटर लांबीने सरकेल. पायथागोरसच्या सिद्धान्ताने त्याचा मार्ग सव्वादोन मीटरांचा होईल. चढ वीस टक्के केला तर तोच मार्ग चार मीटरांहून लांब होतो. आणि मध्ये चाकोरी पडून आडवा कल मोडला, तर पाणी बाहेर पडायचे नावच घेत नाही. काटकोन त्रिकोणाचे इतके चांगले उदाहरण पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडते.

यावरून वाटा बांधणाऱ्यांचे दोन ढोबळ नियम निघाले आहेत. वाटेचा चढ सरासरी दहा टक्क्यांच्या आत ठेवावा, आणि तो डोंगराच्या स्वतःच्या उताराच्या निम्म्याहून जास्त कधीच नसावा. दुसऱ्या नियमाकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. सहा टक्के उताराच्या जवळजवळ सपाट माळावर पाच टक्क्यांची वाट निरुपद्रवी वाटते; पण ती जवळपास उताराच्या दिशेनेच धावत असल्यामुळे पाणी तिला सोडत नाही. पठारावरच्या वाटा सर्वांत रुंद आणि सर्वांत चिखलाच्या का असतात, त्याचे कारण हेच. याखेरीज दर वीस-तीस पावलांवर वाटेने थोडे खाली जाऊन पुन्हा वर चढावे. त्या लहानशा खोलगटात वरचे पाणी थांबते आणि दरीकडे बाहेर पडते. सायकलस्वाराला अशी लाटांसारखी वाट मजेची वाटते, हा त्यातला आगंतुक फायदा.

हे मोजायला महागडी साधने लागत नाहीत. महाराष्ट्रातल्या हजारो खेड्यांत लोक ते साधन वापरून बसले आहेत. बांबूच्या दोन सारख्या काठ्या, त्यांना जोडणारी एक आडवी काठी आणि वरून सोडलेला ओळंबा : ‘ए’ अक्षराच्या आकाराची ही चौकट पाणलोटाच्या कामात समपातळी रेषा आखायला वापरतात. २०१६ साली पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि २०१९ पर्यंत पुष्कळ तालुक्यांत पसरली. तिच्यात शेतकऱ्यांनी, शिक्षकांनी, शाळकरी मुलांनी श्रमदानाने सलग समतल चर खणले. त्या सर्वांना समपातळी रेषा म्हणजे काय हे हाताने कळलेले आहे. चर आणि वाट यांचे उद्देश अगदी उलट आहेत. चराने पाणी अडवायचे, वाटेने सोडायचे. पण आखणी एकाच साधनाची. चौकटीच्या पायांमधले अंतर दीड मीटर ठेवावे. सपाट जागी ओळंबा जिथे येतो तिथे खूण करावी. मग एका पायाखाली साडेसात सेंटिमीटर जाडीची वीट ठेवून दुसरी खूण करावी. ती पाच टक्क्यांची. दोन विटा ठेवल्या की दहा टक्क्यांची खूण मिळते. एवढ्या तयारीवर नववीच्या वर्गाला अर्ध्या दिवसात शंभर मीटरची वाट चुन्याच्या फक्कीने आखता यावी.

खरी कसोटी पुढे आहे. दीडशे मीटर उंच टेकडीवर तीस टक्क्यांच्या उताराने सरळ चढायला पाचशे मीटर पुरतात. दहा टक्क्यांच्या वाटेला दीड किलोमीटर लागतो. माणूस एवढा वळसा घालत नाही. दोन वळणे एकमेकांना दिसली, की मधून आडवाट पडलीच म्हणून समजा. वळणे झाडीच्या, खडकाच्या आड ठेवणे, मोकळ्या जागी करवंदीची जाळी राखणे आणि जुनी सरळ वाट दगड व पाचोळा टाकून खरोखर बुजवणे, हे काम खणण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पाटी लावून हे होत नाही.

खणायचे केव्हा, याबद्दल आमचे मत ठाम आहे. मे महिन्यातले श्रमदान वाटेच्या मुळावर येते. माती दगडासारखी झालेली असते, खणलेला भराव दाबून बसत नाही, आणि तीन आठवड्यांत पहिला पाऊस तो सगळा घेऊन जातो. दसरा-दिवाळीच्या सुमारास जमिनीत ओल असते, टिकाव सहज उतरतो, भराव ठोकून बसवता येतो आणि पुढचे सात-आठ महिने वाट पायांखाली घट्ट होत राहते. शक्य तर भरावावर वाट करूच नये. डोंगरात आत खणून पूर्ण रुंदी मूळ जमिनीवर घ्यावी आणि निघालेली माती दूर पसरून द्यावी. टिकाव, खोरे, पहार, घमेले एवढ्यावर काम होते. महाविद्यालयांत राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे, तिची सात दिवसांची शिबिरे बहुधा हिवाळ्यातच भरतात. गारगोटीला तर श्री मौनी विद्यापीठापासून शिक्षण आणि गावचे काम एकत्र करण्याची परंपरा आहे, डॉ. जे. पी. नाईकांनी ते स्वप्न इथेच पाहिले होते. मनुष्यबळ आहे. फक्त शिबिरात रस्त्याकडेच्या दगडांना चुना फासण्याऐवजी त्यांच्या हाती ओळंबा द्यायला हवा.

कोणाची वाट?

पुण्याच्या टेकड्यांवर सकाळी फिरणाऱ्यांची दाटी असते. तिथे एका वाटेच्या चार वाटा होतात, कारण चिखल चुकवायला प्रत्येक जण कडेने चालतो आणि वाट रुंदावत जाते. त्यात सायकल आली की वेगाचा प्रश्न येतो. ताशी वीस किलोमीटर वेगाने दहा टक्के उतार उतरणारा स्वार, मातीचे घर्षण बेताचे धरले आणि ब्रेक दाबायला एक सेकंद लागला असे मानले, तर सुमारे अकरा मीटरांत थांबतो. वेग चाळीस झाला तर बत्तीस मीटर लागतात. आंधळ्या वळणावर एखादे आजोबा समोर आले तर अकरा मीटरही जास्तच आहेत. म्हणून वळणाच्या अलीकडे चढ ठेवून किंवा दोन मोठे दगड जवळ आणून वाटेनेच वेग कमी करवून घ्यायचा असतो. भुदरगडच्या जंगलात आणखी एक वाटसरू आहे, तो म्हणजे गवा. चालणाऱ्यांच्या गप्पा त्याला लांबून ऐकू येतात. सायकल निःशब्द येते. तिन्हीसांजेला आणि भल्या पहाटे इथल्या वाटांवर सायकल नेऊ नये, आणि दिवसाही घंटी वाजवत जावे.

जगात हा झगडा जुना आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यात २१ ऑक्टोबर १९७६ रोजी काही तरुणांनी जुन्या जाड टायरच्या सायकलींवर डोंगर उतरण्याची शर्यत लावली, आणि वीस वर्षांनी, १९९६ मध्ये अटलांटाला, डोंगरी सायकल ऑलिंपिकमध्ये पोहोचली. मधल्या काळात त्याच मरिनमधल्या अरुंद वाटा सायकलींना बंद झाल्या होत्या. १९८८ साली कॅलिफोर्नियातील सायकल मंडळांनी एकत्र येऊन आंतरराष्ट्रीय संघटना काढली. तिने मागण्यांबरोबर श्रमदानही धरले. जमिनीच्या मालकाशी आधी बोलायचे, मग त्याच्या देखरेखीखाली वाट दुरुस्त करायची. पुष्कळ ठिकाणी वाटा उघडल्या त्या अशाच.

आपल्याकडे मालकाचा शोध गावनकाशापासून सुरू होतो. तलाठी कार्यालयातल्या नकाशावर पायमार्ग टिंबांच्या रेषेने दाखवलेला असतो आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. हा विचित्र आकडा कुठून आला? आपल्याकडे जमीन मोजायची साखळी तेहतीस फुटांची आणि सोळा आण्यांची. एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा. सव्वाआठ फूट म्हणजे बरोबर चार आणे! गाडीमार्ग आठ आण्यांपासून पुढे, आणि गावाहून गावाला जाणारा ग्रामीण रस्ता पूर्ण साखळीचा. नकाशावर असलेली वाट कोणी अडवली तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ नुसार तहसीलदाराकडे दाद मागता येते.

राखीव वनात गोष्ट निराळी आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे तिथे परवानगीशिवाय शिरणे आणि जमीन खणणे दोन्ही गुन्हे आहेत, मग हेतू कितीही चांगला असो. मात्र त्याच कायद्याचे पंचविसावे कलम वाचण्यासारखे आहे. वनाधिकाऱ्याला राखीव वनातली वहिवाटीची वाट बंद करायची असेल तर राज्य शासनाची पूर्वमंजुरी लागते, आणि त्याऐवजी सोयीची दुसरी वाट असावी लागते किंवा करून द्यावी लागते. २०२०-२१ मध्ये आजरा-भुदरगड संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झाले. वन्यजीव कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेल्या तरतुदीनुसार अशा क्षेत्राच्या व्यवस्थापन समितीवर हद्दीतल्या प्रत्येक ग्रामपंचायतीचा एक प्रतिनिधी असतो. कोणती वाट चालू ठेवायची, कोणती गव्यांसाठी सोडून द्यायची, सायकलींना कोणते महिने मोकळे आणि कोणते बंद, हे प्रश्न तिथे मांडता येतात. पण मांडणाऱ्याकडे काही आकडे हवेत.

ते आकडे शाळा जमवू शकते. पद्धत अशी : वाटेच्या दोन्ही कडांना, वर्दळीच्या बाहेर, एकेक लोखंडी खुंटी ठोकावी. मे अखेरीस दोन खुंट्यांमध्ये दोरी ताणून ती समपातळीत आहे ना ते पाण्याच्या नळीने पाहावे, आणि दर दहा सेंटिमीटरवर दोरीपासून जमिनीपर्यंतची खोली मोजून वहीत लिहावी. ऑक्टोबरमध्ये त्याच दोरीवर पुन्हा मोजावे. दोन्ही आलेख एकाच चौकटीच्या कागदावर काढले, की मधले चौरस मोजून त्या जागी किती माती गेली ते चौरस सेंटिमीटरमध्ये मिळते. एक जागा उभ्या वाटेवर निवडावी, दुसरी कडेकडेने जाणाऱ्या वाटेवर, आणि जमल्यास तिसरी अशी, की जिथे सायकली जातच नाहीत. खुंट्या जमिनीच्या वर बोटभरही ठेवू नयेत. गुरांच्या पायाला लागतात, आणि गुराखी पोरे त्या हमखास उपटून नेतात.